जाब विचारणे वेगळे, छळ वेगळा!

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंदवर फेसबुकवरून प्रश्न केला म्हणून तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल केले. योग्यच झाले! पण म्हणून आटगावच्या शाळकरी मुलीला मोबाईलवर जातीवरून हिणवण्याचा परवाना कुणाला मिळाला काय? मुळीच नाही. अॅट्रॉसिटी कायदा शाबूत आहे. इंटरनेटवर सर्वांना दिसणारा अपमानही चारचौघांतलाच, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. सत्तेला जाब विचारणे हे स्वातंत्र्य. जातीवरून जाहीर अपमान हा गुन्हा. मुलांनो, मजकूर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, घरी सांगा. पालकांनो, पोरीचा मोबाईल हिसकावू नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढा!