वर्गातला तानपुरा

'विद्यालयात शिकून मास्तर होतात, गवई होत नाहीत.' मैफल संपली, चहाचे पेले हातात आले की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण गाण्याची बाजू घेतली. मी विद्यालयातच शिकलो, आज तिथेच शिकवतो, आणि हे वाक्य मला साफ खोटं वाटतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे फी भरून तासाला येणारे होते, तसा उपदेशक वर्गही होता. त्या वर्गातली मुलं विद्यालयातच राहायची, जेवायची आणि वर्षानुवर्षं बुवांसमोर गळा घासायची. गुरुकुल आणि शाळा ही दोन टोकं असल्याचं आपण आज मानतो. बुवांनी ती एकाच छपराखाली नांदवली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे बुवांचेच विद्यार्थी. यांना कोण नुसते मास्तर म्हणेल? भातखंड्यांच्या खटपटीतून १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तिथे रातंजनकरांच्या हाताखाली गिंडे, भट, कायकिणी तयार झाले. आणि कुमार गंधर्व? मुंबईत बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयातच ते घडले. घराण्याची चौकट ओलांडणारा गवई शाळेतून आला, हे आपण सोयीने विसरतो.

दुसरा आक्षेप स्वरलिपीवर. कागदावर लिहिलं की गाणं मेलं, म्हणे. भूप आणि देसकार कागदावर मांडून पाहा: सा रे ग प ध, दोन्हीकडे तेच पाच स्वर. कागदाची धाव तेवढीच. परवा एक मुलगी भूप गात होती. दोनदा धैवतावर रेंगाळली आणि संध्याकाळच्या वर्गात सकाळचा देसकार डोकावला. मी गाणं थांबवलं, काही समजावलं नाही, फक्त गांधारावर येऊन थांबलो. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज गांधारावर टेकला, तशी ती स्वतःच हसली. वही समोर उघडीच होती. चीज विसरू नये म्हणून ती वही. बाकीचं काम गळ्याकडून गळ्याकडेच व्हायचं, आणि ते वर्गातही होतं.

जुन्या तालमीची थोरवी मला मान्य आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्येसाठी जी पायपीट केली, जे हाल सोसले, ते वाचताना आजही गलबलतं. पण जे गुरूच्या दारातून परत गेले त्यांचं काय? ज्यांच्या घरात गाणं नव्हतं, ज्या मुलींना गाणं शिकू देणं घरच्यांना कमीपणाचं वाटायचं, त्यांच्यासाठी दार उघडलं ते विद्यालयांनी. आज सभागृहात जे कान तयार होऊन बसतात त्यांतले कितीतरी याच वर्गांत तयार झालेत.

टीकेतलं एक मात्र खरं आहे. परीक्षेच्या तोंडावर राग पाठ करवून घेणं, वीस जणांना एकाच पट्टीत गायला लावणं, तानपुऱ्याच्या जागी मोबाईल ठेवणं, हे गाण्याचे हालच आहेत आणि ते थांबलेच पाहिजेत. त्यासाठी वर्ग बंद करायला नकोत, लहान करायला हवेत. विशारदला बसणाऱ्याने रागाची माहिती सांगण्याआधी स्वतः तानपुरा लावून दाखवावा, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या वर्गात पहिली पंधरा मिनिटं त्यातच जातात. मुलं घोडीवर तारेखाली सूत सरकवतात, थोडं पुढे, थोडं मागे. तार आधी बोथट वाजते. मग एका जागी सूत बसतं, जवारी खुलते, आणि बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू असताना खोलीतली सगळी पोरं एकदम गप्प होतात.