एकटा पाहुणा आणि विरार लोकल

दिवाळीच्या सुट्टीत नालासोपाऱ्यातल्या घराघरांत पाहुणे उतरतात. त्यांत एक तरी असा निघतोच, की ज्याला मुंबई एकट्याने पाहायची असते. "कुणी माझ्यासाठी रजा काढू नका. मी काय कुक्कुलं बाळ आहे, मावशी?" असे म्हणून तो उरलेला अनारसा तोंडात टाकतो आणि चपला घालतो. मावशी त्याच्या हातावर दही ठेवते, "दारात उभा राहू नकोस रे" असे तीनदा बजावते, आणि चिरंजीव चालू लागतात. एकटा जीव सदाशिव!

त्याला पाहायचे असते ते फोर्टातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथवर पोचायला रेल्वेने सरळ चर्चगेट गाठायचे आणि थोडे चालायचे, इतके सोपे. पण सोप्या वाटेवरच माणूस जास्त चुकतो.

फलाटावर एक लोकल येते, सारी गर्दी तिच्यात घुसते, म्हणून पाहुणाही घुसतो. गाडी निघते ती विरारकडे, म्हणजे मुंबईच्या बरोबर उलट! पाहुण्याचा चेहरा उतरतो, पण शेजारचे गृहस्थ खुशाल डोळे मिटून बसलेले. मर्म असे, की हीच गाडी विरारहून माघारी फिरायची असते. नालासोपाऱ्याला बसायला जागा मिळणे कठीण, म्हणून जाणकार मंडळी एक स्टेशन मागे जाऊन जागा धरून येतात. फरक इतकाच, की जाणकारांच्या खिशात विरारपर्यंतचा पास असतो आणि पाहुण्याच्या खिशात नालासोपारा ते चर्चगेटचे तिकीट. तिकीट तपासनीस भेटले, तर मुंबई पाहण्याचा श्रीगणेशा दंडाच्या पावतीने होतो.

वाटेत माहीमला एका मित्राला फराळाचा डबा द्यायचा असतो. पाहुणा विचारतो, "काका, ही गाडी माहीमला जाते का?" काका म्हणतात, "जाते की." काका खोटे बोलत नाहीत. जलद गाडी माहीमला जाते. फक्त तिथे थांबत नाही. वांद्रे सोडले, की माहीम खिडकीतून नमस्कार करते आणि पाहुणा डब्यासकट दादरला उतरतो.

दादरची तर कथाच निराळी. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे तिथे शेजारी नांदतात, आणि 2023 च्या डिसेंबरापर्यंत दोघींचे फलाट आपापल्या एक नंबरापासून सुरू होत. "एक नंबरवर भेट" असे ठरवून दोन मित्र दोन निरनिराळ्या एक नंबरांवर तासभर एकमेकांच्या नावाने बोटे मोडीत. आता आकडे सलग झाले आहेत, पण जुन्या मंडळींनी जुना हिशेब सांगितला, की पाहुणा पुन्हा पुलावर.

संध्याकाळी परतताना चर्चगेटला एक गाडी चक्क जरा मोकळी दिसते. पाहुणा ऐटीत आत शिरतो आणि लगेच कानकोंडा होऊन बाहेर येतो. ती संपूर्ण गाडी स्त्रियांसाठी! 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर अशी पहिली गाडी सुरू झाली, हे त्याच्या गावी कुठून असणार? आणि विरार जलद पकडून बोरिवलीला उतरण्याचा बेत करणाऱ्याला तर दाराशी उभी असलेली मंडळी जे प्रवचन देतात, ते त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरते.

हे सारे हसण्यावारी नेता येते, कारण पाहुणा रात्री जेवायला घरी येतो. पण लोकलच्या दारातून पडून किंवा रूळ ओलांडताना माणसे दगावतात, हेही खरे आहे. मावशी तीनदा बजावते ती उगीच नव्हे.

सोपाऱ्याचा असा एक एकटा प्रवासी दोन हजारांहून अधिक वर्षे पाली ग्रंथांत जिवंत आहे. त्याचे नाव बाहिय. सोपारा तेव्हा शूर्पारक म्हणून ओळखले जाणारे बंदर होते. 'उदान' आणि त्यावरची अट्ठकथा यांत त्याची हकीकत येते. गलबत फुटले, फळीच्या आधाराने हा सोपाऱ्याच्या किनाऱ्याला लागला, अंगावर सालींचे वस्त्र गुंडाळून भिक्षा मागू लागला. लोकांना वाटले, कोणी मोठा सिद्ध पुरुष आला! हळूहळू त्यालाही तसे वाटू लागले. पुढे शंका आली, तेव्हा खरे काय ते विचारायला तो एकटाच दूरच्या श्रावस्तीला निघाला. तिथे पोचतो तो बुद्ध भिक्षेसाठी नगरात गेलेले. बाहिय धावत त्या गजबजलेल्या नगरात शिरला आणि त्याने भर रस्त्यात त्यांना गाठले. "ही वेळ नव्हे," असे दोनदा उत्तर मिळाले. आयुष्याचा भरवसा काय, म्हणत त्याने तिसऱ्यांदा विचारले, आणि उपदेश मिळाला. डोळ्यांना जे दिसते त्यात आपल्या पदरचे काही घालू नये, असा त्याचा साधा आशय. त्यानंतर थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गाईने शिंगांनी मारून बाहियाचा प्राण घेतला. तिसऱ्यांदा विचारले नसते, तर सारा प्रवास फुकट गेला असता.

आपल्या पाहुण्याचे काय चुकते, ते इथे कळते. गाडी दिसते, तीत तो आपल्या पदरची दिशा घालतो. "जाते" ऐकू येते, त्यात पदरचे "थांबते" घालतो. नव्या शहरात अज्ञानाने माणूस फारसा चुकत नाही, अंदाजाने चुकतो. म्हणून विचारायचे ते नेमके विचारावे. "जाते का?" नव्हे, "थांबते का?" चढल्यावर नव्हे, चढण्यापूर्वी. आणि एकाने सांगितले तरी दुसऱ्याला पुन्हा.

यात कमीपणा वाटत असेल, तर संग्रहालयातला एक दगड पाहावा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तोच हा. पाहुणा ज्या गावाहून सकाळी निघाला, तिथलीच वस्तू पाहायला एवढी यातायात! काखेत कळसा म्हणतात तो हा. पण लेखाचा विषय ऐका. पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या सफरींना जात. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, वृद्धांना भेटलो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून धर्माची विचारपूस केली, असे अशोक सांगतो. एवढा सम्राट प्रवासात विचारपूस करतो, मग आपण कोण लागून गेलो?

नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावात मिळाला. प्रवासाला निघताना लोक नाना मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ थोडे. थोरांचा आदर आणि नोकरचाकरांशी नीट वागणे हे खरे मंगल, असा त्या लेखाचा भाव. मावशीचे दही मोडीत काढण्याचा आमचा हेतू नाही. ते जरूर खावे. पण उद्या फलाटावर कुणी पिशवी सांभाळीत तुम्हांला "दादा, ही गाडी कुठं थांबते?" असे विचारले, तर घड्याळाकडे पाहत "जाते, जाते" म्हणून सुटू नये. आपली एक गाडी चुकली तर चार मिनिटांनी दुसरी येईल. त्याचा मात्र अख्खा दिवस त्या एका उत्तरावर असतो.