पळी, तोटी आणि चुलीवरचं शिसं

फेकायच्या जाळ्याचा सगळा जीव त्याच्या घेरात असतो. घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एका वजनाच्या असल्या तरच जाळं हवेत गोल उघडतं आणि चहूबाजूंनी एकदम तळाला बसतं. एका अंगाला वजन कमी पडलं की जाळं तिरकं उतरतं आणि मासा त्या फटीतून निसटतो. कंधार तालुक्यातलं बारूळचं मानार धरण घ्या, लोह्याकडचं लिंबोटी घ्या किंवा कंधार गावचा राष्ट्रकूटांच्या वेळचा जगत्तुंग समुद्र घ्या. पाणी कोणतंही असो, जाळ्याचं गणित हेच. गोळ्या विकत मिळतात, पण जुन्या बॅटरीचं शिसं स्वस्त पडतं, म्हणून त्या घरच्या चुलीवर ओतणारेही असतात. (बंदुकीच्या गोळ्यांचा विषय इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तिथे वादाला जागाच नाही.)

वाद आहे तो ओतायच्या रीतीचा. कढईत शिसं वितळवून पळीनं साच्यात ओतायचं, की बुडाला तोटी असलेली भट्टी घ्यायची? या भट्टीत दांड्यानं बंद केलेलं भोक तळाशी असतं. दांडा उचलला की धार थेट साच्यात पडते.

पळीवाल्यांचं पहिलं म्हणणं परंपरेचं. बापजाद्यांनी पळीनंच ओतलं, कंधारच्या किल्ल्यातल्या शिपायांनीही तसंच ओतलं असणार, मग आताच काय बिघडलं? १६३१ साली मोगलांचा सरदार नासिरी खान यानं हा किल्ला वेढा घालून घेतला. त्या वेढ्याचं पयाग या चित्रकारानं काढलेलं चित्र ‘पादशाहनामा’ या मोगल दरबारी इतिहासाच्या विंडसरच्या हस्तलिखितात आहे. तेव्हा पळी चालली हे मान्य. पण तोड्याच्या बंदुकीला नळीत उतरेल एवढी गोळी पुरत होती. वजन थोडं इकडेतिकडे झालं तरी शिपायाचं अडत नव्हतं, आणि त्याच्या रक्तात शिसं किती उतरलं हे कुणी तपासलंही नाही. अमुक रीत चालत होती एवढ्यावरून ती चांगली होती असं ठरत नाही.

दुसरं म्हणणं हाताच्या सवयीचं. पळीला हात बसला की गोळी चुकत नाही म्हणतात. कढईत जरा डोकावून पाहा. वितळलेल्या शिशावर करडी, सुरकुतलेली साय सतत धरत असते. ते शिशाचं भस्म. पळी बुडवायची तर ती साय बाजूला सारावी लागते, आणि कितीही सारली तरी तिचा एखादा तुकडा पळीत येतोच. तो साच्यात गेला की गोळीला खड्डा पडतो आणि तिचं वजन घटतं. पळी थंड असेल तर शिसं साच्यात पोचण्याआधीच आखडतं, गोळीवर सुरकुत्या येतात. पळी ओली असेल तर शिशाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कढई तोंडावर उडते. भस्म शिशापेक्षा हलकं असल्यानं ते वर तरंगतं, म्हणून तळातून घेतलेली धार स्वच्छ येते. एवढ्या एका मुद्द्यावर तोटी जिंकते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: तोटी तुंबते आणि गळते. खरं आहे. पण का तुंबते? बॅटरीच्या पट्ट्या, माती, कचरा तसाच भट्टीत टाकतात म्हणून. भंगार वेगळ्या भांड्यात वितळवून, मळ काढून, त्याच्या लाद्या पाडाव्यात आणि फक्त त्या लाद्याच तोटीच्या भट्टीत घालाव्यात. हा शहाणपणा ज्याला जमत नाही त्यानं तोटीला शिव्या देऊ नयेत.

इथवर मी तोटीवाल्यांच्या बाजूचा. पण पुढे ते म्हणतात: आता धूर नाही, सांडणं नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावरही भट्टी चालेल. माझा खरा झगडा या वाक्याशी आहे.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्या सुमारास त्याची वाफ फारशी निघत नाही. भंगारातून जो धूर निघतो तो बहुतेक प्लास्टिकचा आणि तेलाचा. धूर दिसला नाही म्हणजे विष नाही असं समजणारा फसतो. घरात मुख्य धोका त्या करड्या सायीच्या भुकटीचा: ती खाली सांडते, केरसुणीनं उडते, कपड्यांवरून पांघरुणात जाते. तोटीची भट्टी ही भुकटी कमी करत नाही. उलट भांडं मोठं, हात जलद, त्यामुळे एका बैठकीत जास्त शिसं वितळतं आणि सायही जास्त काढावी लागते. आणि ती काढायला पुन्हा पळीच लागते!

ओतणाऱ्याचे हात पाहा. गोळ्यांच्या कडा चाकूनं छाटून तो उठतो, डबी काढतो, तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावतो आणि त्याच अंगठ्यानं मळतो. शिसं पोटात जायला याहून सरळ वाट नाही. घरात मूल असेल तर गोष्ट आणखी वाईट. पोटात गेलेल्या शिशातलं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि सुरक्षित म्हणावी अशी शिशाची कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतातली. त्यामागच्या मोठ्या कारणांत हा अहवाल बॅटऱ्यांचं ढिसाळ भंगारकाम मोजतो.

बॅटरी फोडण्याला तर साफ नकार. आत तेजाब असतं; नव्या, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम असतं, आणि अशा शिशाचा मळ ओला झाला तर आर्सेनिक-अँटिमनीचे विषारी वायू सुटू शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवी. ती दुकानात परत द्यावी, पैसे घ्यावेत आणि शिशाच्या लाद्या विकत आणाव्यात.

तेव्हा तोटीची भट्टी घ्याच, पण घरोघर नको. मच्छीमार संस्थेनं एकच घ्यावी आणि वस्तीपासून दूर, वारा खेळता असलेल्या शेडमध्ये ठेवावी. ओतायचे कपडे तिथेच राहावेत, जमीन ओल्या फडक्यानं पुसावी, साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखूची डबी उघडू नये. वितळायच्या आणि पुसायच्या जागा मात्र लांब ठेवाव्यात; शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको.

यावर कुणी विचारेल, इतका खटाटोप करायचा तर शिसंच का? प्रश्न रास्त आहे. पाण्यातले हंस मरतात म्हणून ब्रिटननं १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी घातली. मातीच्या भाजलेल्या वजनांची जाळी तर फार जुनी. माती हलकी, वाहत्या पाण्यात तिचा उपयोग थोडा. लोखंडाची साखळी मात्र चालण्यासारखी आहे. तेवढ्याच वजनाला लोखंड शिशाच्या जवळजवळ दीडपट जागा घेतं, ते गंजतं, दोऱ्याला डाग पाडतं. जुन्या हाताला ते जाळं सुरुवातीला जड नसून फुगीर वाटेल. पण साखळीच्या सगळ्या कड्या एका मापाच्या येतात, आणि ती ओतावी लागत नाही. संस्थेनं भट्टीचा भाव काढायच्या आधी साखळीचा भाव काढावा, आणि दोन जाळी करून एक हंगाम मानारवर फेकून पाहावीत.