विश्लेषण : ‘बिघडलेली’ म्हणून ओतून दिली जाणारी आंबट बीअर लोकप्रिय का होते आहे?

बीअर आंबट लागली की ती खराब झाली, असे जवळपास दीडशे वर्षे मानले गेले. ती आंबू नये म्हणून कारखाने टाक्या निर्जंतुक करत राहिले, प्रयोगशाळा उभारत राहिले. आज मात्र अमेरिकेतील किराणा दुकानांपासून पुण्यातील टॅपरूमपर्यंत ‘सावर’ ही पाटी मुद्दाम मिरवली जाते. लोकांची चव बदलली, एवढेच याचे कारण नाही. तीन वर्षांचे काम काही आठवड्यांत करण्याचे तंत्र हाती आले, हे त्याहून मोठे कारण आहे. या वेगात काय साधले आणि काय निसटण्याची भीती आहे, याचा हा आढावा.

आंबट बीअर म्हणजे काय?

नेहमीच्या बीअरमध्ये यीस्ट धान्यातील साखरेचे अल्कोहोल करते. आंबट बीअरमध्ये यीस्टच्या जोडीला लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. साध्या बीअरचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो, तर आंबट बीअरचा ३.२ ते ३.५ पर्यंत उतरतो. आकडे जवळजवळचे वाटतात, पण पीएच एकने उतरला की आम्लता दहापट वाढते. त्यामुळे पहिल्याच घोटाला जीभ चाळवते. कडवटपणा मात्र अगदी कमी असतो, कारण कडू चव देणारे हॉप्स याच जिवाणूंची वाढ रोखतात. हॉप्स भरपूर घातले तर बीअर आंबणारच नाही.

आंबटपणा हा दोष कधी ठरला?

शीतकरण आणि सूक्ष्मजीवशास्त्र येण्यापूर्वी बहुतेक बीअर थोडीफार आंबटच असे. १८५६ मध्ये फ्रान्समधील लील शहरात बिटापासून मद्य बनवणाऱ्या एका कारखानदाराचा माल आंबू लागला. त्याचे कारण शोधताना लुई पाश्चर किण्वनाच्या अभ्यासाकडे वळला. १८७६ मध्ये त्याने बीअरवर ग्रंथ लिहिला आणि आंबवणाऱ्या जिवाणूंची गणना बीअरच्या ‘रोगां’मध्ये केली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टची शुद्ध वाण वेगळी केली. त्यानंतर दर वेळी सारखीच चव देणारी बीअर करणे शक्य झाले. स्वच्छ, सोनेरी लागर जगभर पसरली आणि आंबट बीअर कोपऱ्यात गेली.

ती टिकली कुठे?

बेल्जियममध्ये. ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येकडील पायोटनलँड भागात ‘लँबिक’ बनते. माल्ट आणि कच्चा गहू उकळून काढलेले गोड पाणी रात्रभर उथळ, उघड्या भांड्यात निवत ठेवतात. विकतचे यीस्ट घालत नाहीत. हवेतील आणि नंतर लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवच पुढचे काम करतात. त्यातील एका रानटी यीस्टच्या शास्त्रीय नावात ब्रसेल्स शहराचेच नाव आहे: ‘ब्रेटानोमायसिस ब्रक्सेलेन्सिस’. एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेली लँबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की ‘गूझ’ तयार होते. आंबट चेरी घातली की ‘क्रीक’. ही प्रक्रिया थंडीतच चालते, उन्हाळ्याच्या हवेत नको ते जिवाणू जास्त असतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सची रात्र पुरेशी थंड होईना, तेव्हा १९०० पासून चालत आलेल्या कँटियों ब्रूअरीला उत्पादन थांबवावे लागले होते.

जर्मनीत काय झाले?

तिथे परंपरा तुटता तुटता वाचली. बर्लिनची ‘बर्लिनर वाइस’ ही जेमतेम तीन टक्के अल्कोहोलची, रासबेरीचे सरबत घालून प्यायली जाणारी बीअर. लाइपझिगची ‘गोझे’ त्याहून वेगळी, कारण तिच्यात मीठ आणि धणे असतात. १९६६ मध्ये लाइपझिगमधील गोझेचे उत्पादन पूर्ण थांबले. तब्बल वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, तिथल्या एका जुन्या पबच्या चालकाने जाणत्या ग्राहकांच्या आठवणींच्या आधारे ती पुन्हा बनवून घेतली. मरणाच्या दारातून परतलेली हीच शैली पुढे जगभरच्या छोट्या ब्रूअरींनी उचलली.

मग ती घराघरांत कशी पोहोचली?

वाट अमेरिकेतून गेली. बेल्जियमच्या रोडेनबाख ब्रूअरीत काम केलेले पीटर बूकार्ट १९९६ मध्ये कोलोरॅडोतील न्यू बेल्जियम ब्रूअरीत गेले. तिथे त्यांनी लाकडी पिंपांत मुरवलेली ‘ला फोली’ ही आंबट बीअर घडवली. पण पिंपे, जागा आणि वर्षानुवर्षे अडकलेले भांडवल प्रत्येकाला परवडणारे नव्हते. शिवाय हे जिवाणू एकदा कारखान्यात शिरले की नेहमीची बीअरही आंबण्याचा धोका असतो.

‘केटल सावर’ पद्धतीने या अडचणी सोडवल्या. तिची तुलना घरी विरजण लावण्याशी करता येईल. गोड पाणी कोमट, म्हणजे ३५ ते ४५ अंश सेल्सिअसवर ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस घालायचे. एक-दोन दिवसांत हवा तितका पीएच आला की सगळे उकळायचे. जिवाणू मरतात, आंबटपणा उरतो. मग नेहमीचे यीस्ट घालून काही आठवड्यांत बीअर तयार. टाक्या सुरक्षित आणि चव दर वेळी तीच. अलीकडे तर अल्कोहोल आणि लॅक्टिक आम्ल दोन्ही एकट्याने करणारे यीस्टही बाजारात मिळते.

२०१६ मध्ये डेलावेअरच्या डॉगफिश हेडने लिंबू आणि समुद्री मीठ घातलेली ‘सीक्वेंच एल’ आणली. ४.९ टक्के अल्कोहोलची ही बीअर कॅनमधून देशभर विकली गेली. आंबट बीअर ही फक्त दर्दींची गोष्ट नाही, हे त्यातून मोठ्या कंपन्यांनाही कळले.

ग्राहकाला तीत काय आवडते?

कडवटपणामुळे बीअरपासून लांब राहणाऱ्यांना ती वाइन किंवा लिंबू-सरबताच्या जवळची वाटते. अनेक प्रकारांत अल्कोहोल कमी असते. आंबट चवीत फळे छान मिसळतात, त्यामुळे दर हंगामात नवा स्वाद आणता येतो. कडव्या आयपीएच्या लाटेनंतर वेगळे काही हवे असलेल्यांनाही हा पर्याय मिळाला.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतात आजही खप मुख्यतः स्ट्राँग बीअरचाच आहे. पण २००९ मध्ये पुण्यात डूलॅली सुरू झाल्यानंतर मायक्रोब्रूअरींचे जाळे वाढले आणि प्रयोगांना जागा मिळाली. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सने कोकम आणि मीठ घालून बीअर केली. लाइपझिगची खारट-आंबट गोझे आणि कोकणातले कोकम सरबत यांची चव मुळातच एकमेकांपासून फार दूर नाही. ताक, सोलकढी, आंबील पिणाऱ्या जिभेला आंबट-खारट पेयाची ओळख करून द्यावी लागत नाही.

आक्षेप कोणते?

पहिला, नावाचा. तीन वर्षे पिंपात मुरलेली आणि तीन आठवड्यांत झालेली, दोन्ही ‘सावर’ याच नावाने विकल्या जातात. युरोपीय संघाने १९९७ मध्ये पारंपरिक लँबिक आणि गूझच्या पद्धतीला संरक्षण दिले. त्यामुळे युरोपात ‘औद गूझ’ हे नाव वाटेल त्या बीअरला लावता येत नाही. पण ‘सावर’ या शब्दाला असे कोणतेही कुंपण नाही.

दुसरा, आरोग्याच्या दाव्यांचा. ‘आंबवलेली, म्हणजे पोटाला चांगली’ हा समज इथे लागू होत नाही. केटल सावरमधले जिवाणू तर उकळतानाच मेलेले असतात. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय इतकी आम्लता दातांच्या आवरणालाही मानवत नाही.

तिसरा, सुरक्षेचा. काही बीअरमध्ये फळांचा गर आंबवण्याच्या शेवटी घालतात. पाश्चरीकरण केले नाही आणि कॅन थंड राहिला नाही, तर उरलेले यीस्ट त्या गरातील साखर खाऊ लागते. आत वायूचा दाब वाढतो आणि कॅन फुटू शकतो. वारंवार वीज जाणाऱ्या आणि ४० अंशांच्या उन्हाळ्याच्या प्रदेशात हा मुद्दा गंभीर आहे.

पुढे काय व्हावे?

झटपट पद्धतीला नाके मुरडण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच विसरलेली चव लोकांपर्यंत पोहोचली, आणि केटल सावर आवडलेल्यांपैकी काही जण पुढे गूझपर्यंतही जातील. प्रश्न फक्त प्रामाणिकपणाचा आहे. आंबटपणा जिवाणूंनी आणला की वरून आम्ल घालून, बीअर किती काळ मुरली, गर कच्चा आहे की पाश्चरीकृत, कॅन फ्रिजमध्येच ठेवायचा का, एवढे लेबलवर किंवा टॅपरूमच्या फळ्यावर लिहायला फार जागा लागत नाही. आपल्याकडे हा बाजार अजून लहान आहे, म्हणून ही सवय आताच लावणे सोपे आहे. ब्रसेल्सच्या पिंपात तीन वर्षे वाट पाहणाऱ्याला त्या तीन वर्षांचे मोल मिळायला हवे. आणि कोकमाची झटपट बीअर करणाऱ्यालाही ती झटपट आहे हे सांगण्यात कमीपणा वाटायला नको.