पोट साफ न होण्याची चिंता

उतारवयातील काही तक्रारी अशा असतात की त्यांविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही. परंतु दिवस चांगला जाणार की चिडचिडीत, हे मात्र त्यांवरच ठरते. मलावरोध ही त्यांपैकी सर्वांत जुनी. गुडघेदुखी चारचौघांत सांगता येते, ही सांगता येत नाही. मग कपाटातल्या चूर्णाच्या डबीशी एकांतात सल्लामसलत सुरू होते आणि एका चमच्याचे दोन चमचे कधी झाले, हे सुनेला किंवा मुलाला ठाऊकही नसते.

प्रथम एक भ्रम दूर करू. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, ही सर्व मर्यादा वैद्यकशास्त्र स्वाभाविक मानते. किती वेळा यापेक्षा कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी मलाच्या स्वरूपाचा सात प्रकारांचा एक तक्ता केला असून तो १९९७ पासून जगभर वापरला जातो. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे, कठीण खडे हा त्यातील पहिला प्रकार आणि निव्वळ पाण्यासारखा मल हा सातवा. तिसरा व चौथा, म्हणजे सलग, मऊ आणि कुंथावे न लागता बाहेर येणारा, हा समाधानाचा. असा मल दिवसाआड होत असेल, तर चिंतेचे कारण नाही. रोज होऊनही खडे पडत असतील आणि उठताना अपुरेपणा वाटत असेल, तर तो मलावरोधच होय.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे. त्याचे एक मुख्य काम म्हणजे अन्नाच्या उरलेल्या भागातून पाणी शोषून घेणे. मल तेथे जितका अधिक काळ रेंगाळेल, तितका कोरडा होत जातो. वय झाल्यावर चालणे कमी होते, तहानेची जाणीव मंदावते, दात गेल्यामुळे खाणे मऊ मऊ पदार्थांवर येते. त्यात भर म्हणजे रात्री लघवीला उठावे लागेल या धास्तीने अनेक ज्येष्ठ पाणी पिणेच तोडतात. ही धास्ती खोटी नाही. अंधारात पडण्याची भीती खरीच असते. त्यामुळे नुसते ‘पाणी प्या’ असे बजावण्यात अर्थ नाही. उपाय वेळेचा आहे: दिवसभराचे बहुतेक पाणी, ताक, वरणाचे किंवा भाज्यांचे सार संध्याकाळी सहाच्या आत पोटात गेले पाहिजे. हृदयाचे कार्य मंदावलेल्या अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर ते मोडू नये.

आता सकाळकडे वळू. जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते, आणि ही चालना उठल्यानंतर व सकाळच्या खाण्यानंतर सर्वांत जोमदार असते. आपल्याकडील अनेक घरांत मात्र वडीलधारी माणसे नुसत्या चहावर स्नान, पूजा, वर्तमानपत्र आटोपतात आणि पहिला घास दहा-अकराला घेतात. दिवसातील उत्तम संधी अशी हातची जाते. उठल्यापासून तासाभरात काही तरी गरम व पोटभरीचे खावे. नाचणीची आंबील, मऊ उपमा, ताकात कुस्करलेली भाकरी, काहीही चालेल. त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, वेग आलेला असो वा नसो, शौचकूपात पाच-दहा मिनिटे शांतपणे बसावे. कुंथू नये. आतड्यालाही सवय लागते, पण त्यासाठी दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. आणि वेग आला असता तो अडवू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा संपूर्ण अध्याय याच विषयावर आहे. न रोखावयाच्या तेरा वेगांत मलवेगाची गणना त्यात केली आहे. पाहुणे बसले आहेत म्हणून, किंवा सुनेला हाक मारण्याच्या संकोचापायी, वेग दाबून ठेवणाऱ्या आजीबाईंना हा अध्याय अवश्य सांगावा.

बसण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. उकिडवे बसल्याने गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि मल सहज उतरतो. गुडघ्यांमुळे कमोड आवश्यक झाला, हे ठीकच. परंतु पायांखाली सात-आठ इंच उंचीचे बळकट, न घसरणारे स्टूल ठेवले की गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि जवळजवळ तोच लाभ मिळतो. उठण्यापूर्वी ते पायाने बाजूला सारावे आणि भिंतीला धरावयाची दांडी बसवून घ्यावी. जोराने कुंथताना रक्तदाबात एकाएकी फरक पडून भोवळ येते. ज्येष्ठांच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल, अशी व्यवस्था प्रत्येक घरात हवी.

आहारात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू असावेत. मैद्याची खारी, टोस्ट, साबुदाणा आणि गुरगुट्या भात यांतून ते मिळत नाहीत. महिन्यातून दोन एकादश्या, त्यात संकष्टी आणि शिवाय एखादा वार, असा क्रम असलेल्या घरी साबुदाण्यानंतर दोन दिवस पोट का रुसते, याचे उत्तर येथेच आहे. उपवास मोडण्याची आवश्यकता नाही. साबुदाण्याच्या जागी राजगिरा व उकडलेले रताळे आले की पुरे. एरवी ज्वारीची भाकरी, सालीसकट मुगाची आमटी, पालेभाजी, लाल भोपळा, पिकलेली पपई, रात्री भिजवलेल्या मनुका किंवा दोन सुके अंजीर. दात नसतील तर भाकरी आमटीत भिजवावी, भाजी शिजवून घोटावी. गाळून मात्र घेऊ नये, तंतू गाळणीतच राहतात. हे सर्व हळूहळू वाढवावे. एकदम वाढवल्यास पोट फुगते व दोष भाजीला दिला जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळे व सुका मेवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

इसबगोलाविषयी थोडे विस्ताराने. हे नाव फारसीतून आलेले. घोड्याच्या कानासारखे बी, असा त्याचा अर्थ. त्याचे साल पाणी धरून फुगते आणि मल मऊ करते. म्हणजे काम पाण्याचे, इसबगोल केवळ ते धरून ठेवतो. दोन चमचे साल दोन घोट पाण्याबरोबर घेतले, तर अडथळा वाढतो. मोठा पेलाभर पाण्यात कालवून ते लगेच प्यावे, वर आणखी पाणी घ्यावे, अंथरुणावर आडवे होण्यापूर्वी घेऊ नये आणि अन्य गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळताना ठसका लागणाऱ्या, किंवा खिळून असलेल्या व अल्प पाणी पिणाऱ्या व्यक्तीला ते देऊच नये.

‘नैसर्गिक’ या शब्दाने फसू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बाजारातील बहुतेक जोरदार चूर्णांत सोनामुखी असते. ती वनस्पतीच आहे, पण आतड्याला चिमटा काढून काम करवून घेणारी. क्वचित घेण्यास हरकत नाही. नित्य आणि वाढत्या मात्रेत घेतल्यास पोटात कळा येतात, जुलाब होतात, शरीरातील पोटॅशियम घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर हा धोका दुप्पट समजावा. वर्षानुवर्षांचे चूर्ण एका दिवसात तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावे. त्यांनी मल मऊ करणारे एखादे पातळ औषध लिहून दिले, तर तो आपला पराभव समजण्याचे कारण नाही.

कित्येकदा कारण औषधांच्या डब्यातच असते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन व ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, वेरापामिल, ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठी दिलेले ऑक्सिब्युटिनिन, या सर्वांनी पोट बांधले जाते. गोळ्या आपणहून बंद करू नयेत. पुढच्या भेटीत सर्व पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. पार्किन्सनच्या आजारात व थायरॉईड मंदावल्यावरही हीच तक्रार उद्भवते.

शेवटी काळजीवाहकांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला अनेक दिवस मलप्रवृत्ती नाही आणि मग एकाएकी पातळ, थोडे थोडे, कपड्यांत होऊ लागले, तर त्याला जुलाब समजून औषध देण्याची घाई करू नका. आत मलाचा घट्ट गोळा अडकलेला असतो व त्याच्या कडेने पाणी झिरपते. जुलाबाच्या गोळीने तो अधिकच घट्ट होतो. अशा स्थितीत लघवी तुंबू शकते, म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागते. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. म्हणून उशाशी एक वही ठेवा: तारीख, वेळ, मल कसा होता. ओशाळवाणे वाटेल, पण डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. मलातून रक्त, काळा डांबरासारखा मल, कारणाशिवाय घटणारे वजन, पन्नाशीनंतर नव्याने बदललेली सवय, यांपैकी काही आढळल्यास घरगुती उपाय बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. पोट फुगून ताठ झाले, उलट्या सुरू झाल्या आणि वारादेखील सरेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.