दोन पॅथींची औषधं एका पिशवीत, नोंद मात्र कुणाकडंच नाही

नातेपुते : होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची की नाही, यावरून २०२५ साली राज्यात दोनदा रान पेटलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक वर्षाचा 'सीसीएमपी' कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी करायचं ठरलं. अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या आयएमए संघटनेनं ११ जुलैच्या संपाची हाक दिली, तेव्हा सरकारनं नोंदणी थांबवली. सप्टेंबरमध्ये आदेश पुन्हा निघाला आणि १८ सप्टेंबरला डॉक्टरांनी २४ तासांचा संप केला. कायद्यातला मूळ बदल २०१४ चा आहे. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

भांडण मुंबईत झालं, पण त्याचा संबंध थेट गावाशी आहे.

गावात सरमिसळ आधीच झाली

मोरोची, धर्मपुरी, फोंडशिरस भागात रात्री ताप भरला की माणूस जवळचा दवाखाना गाठतो. पाटीवर बीएएमएस लिहिलंय, बीएचएमएस का एमबीबीएस, हे कोण वाचत बसत नाही. सुई मिळाली, ताप उतरला, की काम झालं. एमबीबीएस डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत आणि ती जागा आयुर्वेद, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी भरून काढली, हे नाकारून चालणार नाही.

सरकारनंही तोच मार्ग धरला. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बऱ्याच ठिकाणी आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, त्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन नेमलंय. १०८ च्या गाडीवरही अनेकदा बीएएमएस डॉक्टरच असतात.

म्हणजे दोन पॅथी एकत्र याव्यात की नाही, हा प्रश्न गावापुरता कधीच मागं पडला. त्या कोणत्या नियमानं एकत्र येतात आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे विचारायला पाहिजे.

कोर्टानं काय सांगितलं

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढं मुंबईतलं एक प्रकरण आलं होतं. होमिओपॅथीच्या डॉक्टरनं तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. जी पॅथी शिकला नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयानं म्हटलं आणि भरपाई द्यायला लावली. पुढं १९९८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की राज्याच्या कायद्यानं परवानगी दिली असेल तेवढ्यापुरतंच दुसऱ्या पॅथीचं औषध देता येतं. म्हणून सगळी ओढाताण राज्याच्या कायद्यावर येऊन थांबते.

गुळवेलीचा धडा

कोरोनात गावोगावी लिंबावरची गुळवेल तोडून काढा केला. सरकारचं आयुष मंत्रालयही गुळवेलीची शिफारस करत होतं. मग २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरला इजा झाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. आयुष मंत्रालयानं ते खोडून काढलं. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळं असं झालं असेल, असा त्यांचा मुद्दा होता.

दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. पण काढा पिणाऱ्यानं काय समजायचं? कोणती वेल होती, किती घेतली, किती दिवस घेतली, सोबत कोणत्या गोळ्या चालू होत्या, याची नोंद गावात कुणीच ठेवली नव्हती. शेतात औषध मारलं तरी शेतकरी तारीख आणि प्रमाण लक्षात ठेवतो. अंगात जाणाऱ्या औषधाचा हिशेब मात्र राहत नाही.

संशोधन असं व्हायला हवं

नीती आयोगानं २०२० मध्ये एकात्मिक आरोग्य धोरणासाठी शिक्षण, संशोधन, उपचार आणि सार्वजनिक आरोग्य व प्रशासन या विषयांचे गट नेमले. नुसते गट नेमून भागत नाही. आयसीएमआर आणि आयुष मंत्रालयानं २०२४ मध्ये जाहीर केलेली चाचणी जास्त कामाची वाटते. मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय असलेल्या बायकांना एका गटात नेहमीच्या लोहाच्या गोळ्या आणि दुसऱ्या गटांत पुनर्नवादि मंडूर, एकट्यानं किंवा द्राक्षावलेहासोबत, देऊन कशानं रक्त वाढतं हे तपासायचं, अशी तिची आखणी आहे. वर्ध्याच्या सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय संस्था तिच्या आठ केंद्रांपैकी एक आहे.

यात कोणाच्या पॅथीचा मान-अपमान नाही. रक्त मोजायचं, आकडे मांडायचे. आयुर्वेदाचं औषध खरं उतरलं तर ते आशाताईंच्या पिशवीत यावं. नाही उतरलं तर तसं सांगावं.

गावानं काय करावं

संशोधनाला वेळ लागेल, पण काही गोष्टी आजपासून करता येतात. साखरेची गोळी चालू असताना कुणी जांभळाच्या बियांची पावडर किंवा गावठी चूर्ण घेत असेल, तर ते डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. नाहीतर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, आणि डॉक्टरला कारण सापडत नाही. ऑपरेशनच्या आधीही काढा, चूर्ण, पुड्या काहीच लपवू नये.

कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरकडं औषधाचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहिलेला कागद मागावा. नाव नसलेली पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड सापडतं, दुखणं लगेच थांबतं आणि हाडं, साखर मागून बिघडते.

सरकारनं १४ आकडी 'आभा' क्रमांक सुरू केलाय. त्यात अ‍ॅलोपॅथीसोबत आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या उपचारांची नोंद सक्तीची केली, तर निम्मा घोळ मिटेल. सीसीएमपीच्या नोंदणीचा निकाल कसाही लागो, ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की ही मागणी लेखी द्यायला हरकत नाही. डॉक्टरांच्या संघटनेचा संप झाला, पेशंटची संघटना नाही. त्याच्या हातात कागद तरी असावा.