कंट्रोल गेला? बोला, बॉस!

ॲसिडिटीवर आपण मीटिंगमध्येही गप्पा मारतो. पण ‘मोशन कंट्रोल होत नाही’ हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंय? मग माझ्याकडून ऐका. वय एकतीस, मुक्काम कळंबोली, आणि पोटात मोठं आतडं नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसवर औषधं चालेनाशी झाली की सर्जन मोठं आतडं आणि गुदाशय काढतात. मग लहान आतड्याचं टोक दुमडून आतल्या आत पिशवी शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८मध्ये ही पद्धत मांडली. इंग्रजी ‘जे’सारखा आकार जपानच्या उत्सुनोमियांनी १९८०मध्ये दिला. फायदा हा की, पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही.

लोच्या पुढे आहे. नवी पिशवी लहान, आतलं पातळ आणि स्नायू दमलेला. त्यामुळे दिवसाला पाच-सहा फेऱ्या नॉर्मल. पण सुरुवातीला थोडं गळतंही, जास्त करून झोपेत. मानसरोवर ते सीएसएमटी तासाभराहून जास्त, आणि लोकलमध्ये टॉयलेट नाही! एक्स्प्रेस वे घराशेजारून सुरू होतो, तरी मी पुण्याच्या ट्रिपा टाळायचो. मित्रांना वाटायचं, साहेब भाव खातायत.

पण यावर इलाज आहे. पिशवी हळूहळू ताणली जाते आणि वर्षभरात बराच फरक पडतो. तोवर डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात जेवणाआधी लोपरामाइड. दहीभात, केळं चालतं. तिखट, कॉफी, दारू बेतानं. उपाशी राहू नका, त्यानं गॅस आणि पातळपणा वाढतो. गॅस रोखताना आवळतो तो स्नायू आवळा, सोडा, पुन्हा आवळा. हा केगल व्यायाम लोकलमध्ये बसूनही जमतो, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्ट बायोफीडबॅकनं शिकवतात. त्वचा जळजळली तर पाण्यानं धुवा, टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

फेऱ्या अचानक वाढल्या, ताप किंवा रक्त दिसलं, तर पिशवीला सूज आलेली असू शकते. तिला पाउचायटिस म्हणतात आणि ती बहुतेकदा अँटिबायोटिक्सनं आटोक्यात येते. थांबू नका, दाखवा.

आणि डॉक्टरांसमोर ‘थोडासा त्रास आहे’ असं पुटपुटू नका. दिवसा किती वेळा, रात्री किती, पॅड लागतं का, सगळं आकड्यांत सांगा. ऑफिसात एक्सेल शीट भरताच ना? एक ह्याचंही भरा. त्यावरच तुमचा डोस ठरतो, बॉस!